टर्बोचं कूळ

प्रोसेसर आपला वेग क्षणोक्षणी कमी-जास्त करतो, पण गाजावाजा होतो तो फक्त ‘जास्त’चा. त्यामुळे हे तंत्र वेगाच्या हव्यासातून आलं असा समज रूढ झाला. त्याचं कूळ मात्र काटकसरीचं आहे. ऐंशीच्या दशकातल्या पीसीवरचं टर्बो बटण हाच याचा पूर्वज, असं कोणी म्हणेल. ते बटण खरं तर वेग उतरवण्यासाठी होतं. आयबीएमच्या १९८१च्या पीसीचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका गृहीत धरून लिहिलेले खेळ नव्या यंत्रांवर भरधाव सुटत, त्यांना आवर घालायचा असे. विजेची बचत त्याच्या गावीही नव्हती.

बचतीचा विचार नेमकेपणाने मांडला तो १९९४मध्ये, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी. घाईने काम उरकून रिकामं बसण्यापेक्षा मिळालेल्या वेळात ते सावकाश पुरं करावं, असं त्यांचं म्हणणं. प्रोसेसर जोखायचा तो सेकंदाला किती आज्ञा पाळतो यावर नव्हे, तर एका ज्यूल ऊर्जेत किती, यावर. यावर रास्त शंका अशी, की अर्ध्या वेगाने वेळ दुप्पट लागणार, मग वाचलं काय? नुसता ठोका मंदावला तर खरंच फारसं काही वाचत नाही. पण मंद ठोक्याला व्होल्टेजही कमी पुरतं, आणि दर ठोक्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सगळी मेख त्या वर्गात आहे. हेच गणित वापरणारं इंटेलचं स्पीडस्टेप तंत्र जानेवारी २०००मध्ये आलं. लॅपटॉपमधला ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बॅटरीवर ५००वर उतरे, व्होल्टेज १.६वरून १.३५वर. हिशेब केला तर वेग २३ टक्क्यांनी घटतो, पण ठोक्यांवर खर्च होणारी वीज तब्बल ४५ टक्क्यांनी! त्याच महिन्यात ट्रान्समेटा कंपनीने जाहीर केलेला क्रूसो प्रोसेसर तर कामाचा भार पाहून वेग आपला आपण बदलणारा होता.

ट्रान्झिस्टर लहान झाले तशी विजेची गळती वाढली, आणि काम झटपट उरकून झोपी जाणं कधी कधी जास्त स्वस्त पडू लागलं. वायझर यांच्या सल्ल्याला ही मर्यादा मान्य करायलाच हवी. हिशेब मात्र तोच, ऊर्जेचा. इंटेलच्या २००८च्या टर्बो बूस्टनेही तोच धरला. कोअर आय सेव्हन ९२० प्रोसेसरमध्ये चारपैकी तीन गाभे (कोअर) निजले, की त्यांच्या वाचलेल्या वॅटवर चौथा २.६६ गिगाहर्ट्झवरून २.९३वर जातो.