चांदीचा रुपया आणि विलायतेचे देणे

१८३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात जो रुपया सर्वत्र एकरूप झाला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा होते आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि घडणावळ वजा जाता रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक असल्यामुळे रुपयाचे मोल आणि त्यातील चांदीचे मोल यांत फारसे अंतर पडत नसे. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याशी बांधलेला होता. चांदीचा भाव स्थिर होता तोवर एका रुपयाला दोन शिलिंगांच्या आसपास, म्हणजे जवळपास २४ पेन्स मिळत आणि पौंडाला साधारण दहा रुपये पडत.

१८७३ च्या सुमारास जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, इतर देशांनी चांदीची नाणी पाडणे आखडते घेतले, त्यातच अमेरिकेतील नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा ओघ वाढला आणि तिचा भाव घसरू लागला. हिंदुस्थान सरकारचा महसूल, शेतसाऱ्यापासून मिठावरील करापर्यंत, सगळा रुपयांत जमा होई. देणे मात्र पौंडांत होते. ‘होम चार्जेस’ या नावाखाली लंडनमध्ये भागवाव्या लागणाऱ्या या खर्चात स्टर्लिंग कर्जाचे व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्करी खर्च, तसेच जी. आय. पी. सारख्या रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर हमी दिलेले पाच टक्के व्याज येत असे. हमी लंडनच्या भागधारकाला होती. विनिमय दराची जोखीम कोणी उचलायची, हे ज्यांच्या करातून ही हमी भागायची त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

पैसे पाठवण्याची रीत मोठी सफाईदार होती. भारतमंत्री दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये ‘कौन्सिल बिले’ नावाच्या हुंड्या विकत. हिंदुस्थानातून कापूस घेणारा व्यापारी पौंड मोजून हुंडी घेई, आणि तिचे रुपये मुंबई, कलकत्ता वा मद्रासच्या सरकारी खजिन्यातून चुकते होत. हिशेब सोपा आणि निष्ठुर होता: २४ पेन्सांच्या रुपयाने दीड कोटी पौंडांसाठी १५ कोटी रुपये लागत, तर १८९२ च्या सुमारास दर १५ पेन्सांच्या घरात आल्यावर तेवढ्याच पौंडांसाठी २४ कोटी. एका पैशाचेही नवे कर्ज न काढता देणे दीडपटीहून अधिक झाले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोनवरून अडीच रुपये झाला, त्यामागे ब्रह्मदेशातील युद्धाच्या खर्चाबरोबरच ही ओढाताणही होती.

चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. रुपयांचा पुरवठा आटला आणि १८९८ पर्यंत दर १६ पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर, येऊन टेकला. सरकारच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली. टांकसाळी बंद झाल्या त्याच वर्षी, १८९३ मध्ये, रुपया घसरल्याने इंग्लंडला कमी पौंड पाठवता येतात म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांना विनिमय भरपाई भत्ताही मिळाला. मुंबईच्या गिरण्यांना मात्र फटका बसला, कारण त्यांचे सूत घेणारा चीन चांदीवरच राहिला आणि वधारलेल्या रुपयात ते सूत तिथे महाग पडू लागले.

सर्वांत कमी चर्चा झाली ती कुणब्याच्या घरातील दागिन्यांची. पूर्वी तोळाभर चांदीचे वाळे मोडले की घट आणि घडणावळ जाऊन रुपयाच्या आसपास मोल हाती येई. टांकसाळीची वाट बंद झाल्यावर ते नाते तुटले. १८९८ मध्ये १६ पेन्सांवर टेकलेल्या रुपयात सुमारे दहा पेन्सांचीच चांदी उरली होती; त्याआधीच, १८९६–९७ च्या दुष्काळात, बायकांच्या पायांतले तोडे सावकाराच्या तराजूत पडले तेव्हा चांदी तिच्या पडलेल्या बाजारभावाने मोजली गेली, शेतसारा मात्र चढ्या मोलाच्या रुपयांतच भरावा लागला.