शिंगरांमधील ऱ्होडोकॉकस न्यूमोनिया
मातीत व घोड्यांच्या लिदीत आढळणारा ऱ्होडोकॉकस इक्वी हा जिवाणू १९२३ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. धुळीसह श्वासावाटे शिरून तो मुख्यतः सहा महिन्यांपर्यंतच्या शिंगरांच्या फुप्फुसांत गळवे निर्माण करतो. ताप, खोकला, धाप ही लक्षणे अनेकदा उशिरा दिसतात. श्वासनलिकेतील स्रावाच्या संवर्धनाने व पीसीआर चाचणीने निदान होते. गळवांचा आकार अल्ट्रासाऊंडने कळतो. जिवाणू पांढऱ्या रक्तपेशींत दडत असल्याने पेशींत शिरणारी ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्यासोबत रिफॅम्पिसिन ही औषधे अनेक आठवडे दिली जातात. लहान गळवे मात्र बहुधा औषधाविना बरी होतात. सरसकट उपचारांमुळे अमेरिकेतील केंटकीत प्रतिरोधक जिवाणू वाढले. त्यामुळे सौम्य बाधा असलेल्या शिंगरांवर देखरेख ठेवून गरजेपुरतेच औषध देण्याकडे पशुवैद्यकांचा कल आहे.