उंबरठा

परवा माळा आवरताना डॉ. रखमाबाईंवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच बसून वाचत राहिले.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं, महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल! १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजीने नाद सोडला. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

मी मात्र त्या हुकुमापाशीच अडले. कारण मला आमची मावशी आठवली.

नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आली, तेव्हा ४९८अ कलम (१९८३) नवीनच होतं. सगळे म्हणत, पोलिसात जा. ती म्हणायची, "अगं, त्याला आत टाकून मी काय करू? मला फक्त माझ्या घरात निवांत झोपू दे." एवढीशी मागणी, पण ती कुठे मागायची हे कुणालाच सांगता येईना.

ती सोय झाली २६ ऑक्टोबर २००६ ला, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला तेव्हा. आता मॅजिस्ट्रेट नवऱ्याला बजावू शकतो: मारू नको, तिच्या नोकरीच्या जागी जाऊ नको, फोन करून छळू नको. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला मनमानीने बाहेर काढता येत नाही. वेळ पडली तर त्यालाच घर सोडायला सांगता येतं. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराचं काय, हा घोळ मात्र सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सोडवला.

म्हणजे बाईला "त्या घरात जा" सांगणारं कोर्ट पुरुषाला "घराबाहेर हो" म्हणायला शिकलं, त्याला जवळजवळ १२० वर्षं लागली. तारखांवर तारखा अजूनही पडतात, ते वेगळंच.

मावशी १९९८ मध्ये गेली, मामाच्या घरी, मागच्या खोलीत. तिच्या ट्रंकेत स्वतःच्या घराची किल्ली सापडली. कुलूप केव्हाच बदललेलं होतं.

असो. माळा अजून आवरायचाच आहे.