नव्या व्हिडिओ गेमचे परीक्षण : मत, गुण आणि परीक्षण-प्रत यांचा इतिहास

प्रस्तावना :

कलाकृतीवर तिच्याच काळात व्यक्त झालेले अभिप्राय हे इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त साधन असते. नाटकाच्या पहिल्या प्रयोगावर वृत्तपत्रात आलेले परीक्षण किंवा ‘अभिप्रायार्थ’ म्हणून आलेल्या पुस्तकावर मासिकाने छापलेले टिपण यांवरून त्या काळाच्या अभिरुचीचा माग काढता येतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र हे साधन हाताळताना एक विशेष अडचण उद्‌भवते. १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ या गेमने ती अडचण ठळकपणे समोर आणली.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या निर्मितीसंस्थेच्या या गेमची आगाऊ नोंदणी सुमारे ८० लाख प्रतींची झाली होती. प्रकाशनाच्या तीन दिवस आधी पहिली परीक्षणे प्रसिद्ध झाली. मेटाक्रिटिक या परीक्षणांचे संकलन करणाऱ्या संकेतस्थळावर त्यांची सरासरी शंभरपैकी नव्वदच्या घरात होती. प्रत्यक्षात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलांवर हा गेम अडखळत होता आणि मध्येच बंद पडत होता. १८ डिसेंबर रोजी सोनीने तो आपल्या डिजिटल विक्रीकेंद्रातून काढून टाकला व ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी दर्शविली. २१ जून २०२१ पर्यंत तो तेथे पुन्हा उपलब्ध नव्हता.

परीक्षकांनी असत्य लिहिले होते काय? तसे म्हणता येत नाही. प्रकाशनापूर्वी त्यांना केवळ संगणकावर चालणारी प्रत मिळाली होती. जुन्या कन्सोलांवरील प्रत त्यांच्या हाती आलीच नव्हती. शिवाय स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखविण्याची त्यांना मुभा नव्हती. कंपनीने पुरविलेली दृश्येच वापरावीत, अशी अट होती. म्हणजे मत प्रामाणिक होते, तरीही त्या मतावर विसंबलेल्या वाचकाची फसगत झाली. व्हिडिओ गेमच्या समीक्षेचा इतिहास पाहताना समीक्षकांनी काय लिहिले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांनी कोणती प्रत, कोणाकडून आणि केव्हा मिळवून लिहिले हे तपासावे लागते ते यामुळेच.

आरंभीची परीक्षणे :

व्हिडिओ गेमवरील नियमित समीक्षालेखनाचा आरंभ सामान्यतः १९७९ मध्ये मानला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील ‘व्हिडिओ’ या मासिकात बिल कंकेल व आर्नी कॅट्झ यांचा ‘आर्केड अ‍ॅली’ हा स्तंभ सुरू झाला. याच दोघांनी जॉइस वर्ली यांच्यासह १९८१ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र नियतकालिक काढले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ आणि अमेरिकेत ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ यांचेही प्रकाशन सुरू झाले. एकाच वर्षी तीन नियतकालिके निघावीत, यावरून या माध्यमाला लाभलेल्या वाचकवर्गाची कल्पना येते.

या पिढीतील परीक्षकांना आजच्या तुलनेत एक मोठी सोय होती. कार्ट्रिजमध्ये एकदा बंदिस्त झालेला गेम पुन्हा बदलत नसे. परीक्षकाच्या टेबलावरील वस्तू आणि दुकानातील वस्तू एकच असे. उणीव होती ती वेळेची. मासिकाचा मजकूर जुळवून, छापून, विक्रेत्यापर्यंत पोहोचेपर्यंत बराच काळ लोटे.

या उणिवेचे परिणाम १९८२ च्या नाताळात दिसले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ या चित्रपटावर आधारित गेम अटारी कंपनीने सणाच्या हंगामासाठी घाईने बाजारात आणला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो तयार करण्यासाठी अवघे पाच आठवडे मिळाले होते. पालकांनी चित्रपटाच्या नावावर विसंबून खरेदी केली आणि मुलांची निराशा झाली. न खपलेल्या मालापैकी काही माल सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो येथे पुरण्यात आला. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे १,३०० कार्ट्रिजे बाहेर काढण्यात आली व त्यांत अटारीचे इतरही अनेक गेम आढळले. एकट्या ‘ई. टी.’मुळे सारा उद्योग बुडाला ही लोकप्रिय समजूत त्यामुळे टिकत नाही. निकृष्ट गेमची भाऊगर्दी, कोणीही कार्ट्रिज काढावे अशी मोकळीक आणि स्वस्त होत गेलेले घरगुती संगणक ही कारणे अधिक खोलवरची होती. अमेरिकेतील या उद्योगाची उलाढाल १९८३ मधील सुमारे ३.२ अब्ज डॉलरवरून १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली, असे सामान्यतः सांगितले जाते. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ही १९८५ मध्ये बंद पडले. बाजाराला सावध करण्याचे सामर्थ्य ज्यांच्याकडे असावयास हवे होते, ते बाजाराबरोबरच बुडाले.

या पोकळीत निन्टेंडो या जपानी कंपनीने प्रवेश केला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या आपल्या कन्सोलमध्ये तिने परवान्याविना कार्ट्रिज चालू न देणारी चिप बसविली, गुणवत्तेची मोहोर सुरू केली आणि एका प्रकाशकाला वर्षाला किती गेम काढता येतील यावरही मर्यादा घातली. १९८८ मध्ये ‘निन्टेंडो पॉवर’ हे नियतकालिकही कंपनीनेच काढले. ते २०१२ पर्यंत चालले. उत्पादक, परवाना देणारा आणि परीक्षक एकच असण्याचा हा प्रकार म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने उत्तरपत्रिकाही स्वतःच लिहावी व तपासावी असाच होता. तथापि त्या वेळच्या ग्राहकाला तो आश्वासक वाटला, हेही नोंदविले पाहिजे.

गुणांची प्रथा :

ब्रिटनमध्ये वेगळा प्रयोग चालू होता. लडलो या छोट्या गावातून १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॅश’ या मासिकाने स्थानिक शाळकरी मुलांनाच परीक्षक केले. एकाच गेमवर अनेकांची मते शेजारी-शेजारी छापली जात आणि शेवटी टक्केवारी दिली जाई. जपानमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘फॅमित्सू’ने चार परीक्षक, प्रत्येकी दहा आणि एकूण चाळीस गुण ही पद्धत रूढ केली. चाळीसपैकी चाळीस गुण सर्वप्रथम १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ला मिळाले. एका तपाहून अधिक काळ पूर्ण गुण राखून ठेवल्यामुळे त्या आकड्याला वजन प्राप्त झाले.

या दोन्ही पद्धतींत आकड्यासोबत मतभेदही छापला जात असे, ही बाब महत्त्वाची आहे. एका परीक्षकाने नऊ आणि दुसऱ्याने सहा गुण दिले, तर वाचकाला दोघांचे म्हणणे वाचून आपला कल ठरविता येई. आकडा हा मजकुराचा सोबती होता.

२००१ मध्ये हे चित्र पालटले. त्या वर्षी दोन उपक्रम सुरू झाले. एस्पेन आर्सेथ यांच्या संपादकत्वाखाली ‘गेम स्टडीज’ हे विद्वत्‌पत्र निघाले आणि व्हिडिओ गेमच्या गंभीर अभ्यासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. दुसरा उपक्रम म्हणजे मेटाक्रिटिक. निरनिराळ्या परीक्षणांतील तारे, टक्के आणि गुण शंभराच्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढणे हे त्याचे काम होते. कोणत्या नियतकालिकाला किती भार दिला जातो हे त्याने जाहीर केले नाही. पहिला उपक्रम अभ्यासकांपुरता राहिला, तर दुसऱ्याने उद्योगाचे व्यवहार बदलले. मतभेद सरासरीत विरून गेले, आणि गुणपत्रिकेवरील आकडा जसा उत्तरपत्रिकेतील मजकूर झाकून टाकतो, तसे परीक्षणांचे झाले.

याचे एक उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ऑब्सिडियन या संस्थेने बेथेस्डा या प्रकाशकासाठी ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम तयार केला व तो ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकाशित झाला. संस्थेला ठरावीक मोबदला मिळाला होता. विक्रीतील वाटा नव्हता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास बोनस मिळेल, अशी तरतूद होती. सरासरी ८४ वर थांबली आणि बोनस मिळाला नाही. ही माहिती ऑब्सिडियनचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच मार्च २०१२ मध्ये जाहीर केली. परीक्षकांनी प्रामुख्याने तांत्रिक दोषांसाठी गुण कापले होते. यांतील अनेक दोष नंतर दूर झाले आणि कथारचनेसाठी हा गेम या मालिकेतील सर्वोत्कृष्टांपैकी एक मानला जाऊ लागला. ज्या परीक्षकाने त्याला ऐंशीऐवजी पंच्याहत्तर गुण दिले, त्याला आपण कोणाच्या मोबदल्याचा निवाडा करीत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. वाचकासाठी लिहिलेले मत करारातील कलम होऊन बसले होते.

जाहिरात आणि प्रसिद्धिबंदी :

गुणांना असे आर्थिक मूल्य आल्यावर त्यांवर दबाव येणे ओघानेच आले. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाचे संपादक जेफ गेर्स्टमन यांना नोकरीतून काढण्यात आले. त्यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले होते आणि त्याच सुमारास त्या संकेतस्थळावर याच गेमची मोठी जाहिरात झळकत होती. या दोहोंचा संबंध असल्याची चर्चा तेव्हाच झाली. गेर्स्टमन यांना त्याविषयी उघडपणे बोलता आले ते मार्च २०१२ मध्ये. कमी गुणांमुळे नाराज झालेल्या जाहिरातदारांचा दबाव व्यवस्थापनावर होता, असे त्यांनी सांगितले.

अशी उघड कारवाई हा अपवाद होय. नित्याचा आणि अधिक परिणामकारक उपाय म्हणजे प्रसिद्धिबंदी. प्रकाशक परीक्षण-प्रत आगाऊ देतो आणि अमुक तारखेच्या अमुक वेळेपूर्वी काही छापू नये, अशी अट घालतो. या अटीत मुळात गैर काही नाही. सर्वांना समान वेळ मिळतो आणि घाईचे लेखन टळते. परंतु ११ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ विक्रीस आला, तेव्हा अमेरिकेत ही मुदत विक्री सुरू झाल्यानंतर सुमारे बारा तासांनी संपत होती. गेममधील गंभीर दोषांची वार्ता वाचकापर्यंत परीक्षणातून पोहोचण्याआधीच असंख्य ग्राहकांनी खरेदी केली होती. युबिसॉफ्ट या प्रकाशकाला पुढे माफी मागून ग्राहकांना मोफत भरपाई द्यावी लागली. १९८२ मध्ये छपाईला लागणाऱ्या वेळेमुळे जे घडले, ते येथे करारातील अटीमुळे घडले.

युरोगेमर या ब्रिटिश संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये गुण देणेच थांबविले. गेम प्रकाशनानंतरही बदलत राहतो, मग पहिल्या दिवशीच्या आकड्याला अर्थ काय, हा त्यामागील विचार होता. मात्र २०२३ मध्ये त्याच संकेतस्थळाने पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. आकड्याशिवाय परीक्षण वाचकाच्या नजरेस पडणेच अवघड झाले आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुली म्हणावी लागेल.

पुण्यातील एक गेम :

महाराष्ट्रातील निर्मात्यांनाही या व्यवस्थेला सामोरे जावे लागले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी ठरल्यानंतरही संस्थेने तो पूर्ण केला होता. परदेशी परीक्षकांनी त्यातील राजस्थानी वास्तुशैलीचे व चित्रमय कथनाचे कौतुक केले. द्वंद्वातील उणिवा, अल्प लांबी आणि अचानक येणारा शेवट यांवर टीकाही केली. ही टीका अवाजवी नव्हती. परंतु शेकडो जणांच्या संस्थेने अनेक वर्षे खपून केलेला गेम आणि मोजक्या मंडळींनी तुटपुंज्या निधीतून केलेला गेम यांना सरासरीच्या तक्त्यात एकाच पट्टीने मोजले जाते. देवी-देवतांच्या कथा बालपणापासून ऐकलेल्या खेळाडूला आणि त्या प्रथमच भेटणाऱ्या परीक्षकाला हा गेम सारखाच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र निर्मितीसाठी त्याला नामांकन मिळाले. भारतातील मराठी वाचकाला मात्र त्यावरील मत बहुधा इंग्रजीतूनच वाचावे लागले.

बदलती प्रत :

‘सायबरपंक’ची कथा २०२० मध्ये संपली नाही. निर्मात्यांनी त्यावर जवळजवळ तीन वर्षे काम केले. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० ही आमूलाग्र सुधारित आवृत्ती आणि ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार प्रसिद्ध झाला. परीक्षकांनी या वेळी मनापासून प्रशंसा केली व गेमचा पुनर्जन्म झाल्याचे मत अनेकांनी नोंदविले. मेटाक्रिटिक मात्र परीक्षणाचा प्रथम प्रसिद्ध झालेला गुणच ग्राह्य धरते. त्यामुळे मूळ गेमच्या नावापुढे संगणकासाठी ८६ आणि प्लेस्टेशन ४ साठी ५७ असे गुण राहिले.

यांतील ५७ हा आकडा कालबाह्य झाला, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. सुधारित २.० आवृत्ती संगणकासाठी आणि नव्या पिढीच्या कन्सोलांसाठीच होती. जुन्या कन्सोलांसाठीची शेवटची मोठी सुधारणा सप्टेंबर २०२२ मधील १.६ ही होय. डिसेंबर २०२० मध्ये आगाऊ पैसे भरून ज्यांनी हा गेम प्लेस्टेशन ४ साठी घेतला आणि जे त्याच यंत्रावर खेळत राहिले, त्यांच्या दृष्टीने २०२३ मधील परीक्षणेही त्यांच्याकडे नसलेल्या प्रतीविषयीच लिहिलेली होती.