मतलईचे कूळ

शालेय भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांची जोडी ज्याने पाठ केली नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु दिवसा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यास 'खारा' का म्हणावे हे पोरासही उमगते, तसे रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यास 'मतलई' का म्हणावे हे उमगत नाही. मला या शब्दाचा धागा सापडला तो समुद्रावर नव्हे, गझलेत. गझलेच्या पहिल्या शेरास 'मतला' म्हणतात, आणि तो अरबी शब्द आहे; त्याचा मूळ अर्थ उगवण्याचे स्थान. दप्तरातील 'इत्तला' हाही त्याच धातूचा.

आता हे उगवतीचे स्थान समुद्रावर कसे आले? पंधराव्या शतकातील इब्न माजिद आणि त्याच्या परंपरेतील अरब नाखवे क्षितिजाचे 32 भाग पाडीत आणि त्या दिशांना ताऱ्यांच्या उदयास्तावरून नावे देत: उदयबिंदू तो 'मतला', अस्तबिंदू तो 'मगीब'. त्यांत नेमकी पूर्व म्हणजे 'अत्‌-ताइर'चा, आपल्या श्रवण नक्षत्रातील ठळक ताऱ्याचा, मतला. कोकणपट्टीस जमीन पूर्वेस आहे. तेव्हा पहाटे तिकडून सुटणारा तो मतल्याकडचा, म्हणून मतलई, असा माझा तर्क. 'शहर' पासून 'शहरी' व्हावे, इतकी ही घडण सरळ आहे. ज्या किनाऱ्याने बंदर, नाखवा, खलाशी, सारंग आणि मोसम हे शब्द अरबी-फारसीतून घेतले, त्याने वाऱ्याचे एक नावही घेतले असल्यास नवल ते काय?

कोणी 'मलय' पुढे करील. पण मलयानिल दक्षिणेचा, आणि मधला 'त' कोठून आला याचा जबाब त्या व्युत्पत्तीपाशी नाही. कोणी 'माती' काढील. खाऱ्याच्या जोडीला ती गोड दिसते खरी, परंतु 'लई'चा उलगडा होत नाही. मी मतल्यावरच ठाम आहे.

नाव दिशेवरून पडले हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण समुद्राच्या उदरातील अन्न वर येण्याचा प्रश्नही अखेर दिशेवरच येऊन ठेपतो. वारा पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, आणि रिकाम्या जागी तळचे थंड, नायट्रेट-फॉस्फेटयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, आणि त्यांच्यावर पुढे मासळी. तेव्हा पालघरकडच्या सातपाटीच्या बोंबलाचे श्रेय मतलईस द्यावे असा मोह मला पहिल्याने झाला. परंतु ध्रुवप्रदेश धुंडाळणाऱ्या नान्सेनने 'फ्राम' जहाजाच्या 1893 ते 1896 च्या सफरीत पाहिले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे सरकतो, आणि 1905 साली एकमन या शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले: उत्तर गोलार्धात खोल समुद्रावर वरच्या थराचे एकूण वहन वाऱ्याच्या उजवीस काटकोनात होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पाणी बाहेर लोटतो तो उत्तरेचा वारा, पूर्वेचा नव्हे. शिवाय पृथ्वीच्या भ्रमणाचा हा परिणाम पुरा उमटण्यास 20 अक्षांशाजवळ सुमारे 35 तासांचे एक आवर्तन लागते, आणि मतलई तर सूर्य वर चढताच मावळते. केवळ काठालगतच्या उथळ पाण्यात, जेथे तळाचे घर्षण वरचढ ठरते, तेथे पाणी बहुतांशी वाऱ्याबरोबर जाते. मतलईचा जो काही अंमल आहे तो तेवढ्या पट्ट्यापुरता.

पाणी वर येण्याचा मोठा सोहळा पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाकडे होतो. आपल्या उत्तरेच्या अरबी समुद्रात हिवाळ्यात निराळी तऱ्हा दिसते. ईशान्येचा कोरडा वारा दिवसचे दिवस वाहतो, बाष्पीभवनाने वरचे पाणी थंड व जड होऊन खाली बसते, आणि घुसळणीत खालचे क्षार वर येतात. या वाऱ्यास मी मतलईचा थोरला भाऊ मानतो. तोही जमिनीकडूनच येतो, फक्त त्याची मुदत रात्रीची नसून ऋतूची आहे. काठाशी मात्र भरती-ओहोटीची ओढ हीच खरी रवी. डोलकराचे डोल जाळेही त्याच ओढीच्या भरवशावर उभे राहते.

आता पुन्हा मतलईकडे. पालघरकडच्याच नवापूरच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास बेटेगाव हे गाव पूर्वेच्या बाजूस येते. थंडीत पहाटे शिडाच्या होड्या ज्या वाऱ्यावर बाहेर पडत, तो बेटेगावच्या शेतांवरून येई. आणि ज्या क्षितिजाकडून तो येई, तेथेच श्रवणाचा तारा उगवतो.