मॅकबेथची बायको आणि ती मेजवानी

लेडी मॅकबेथ म्हटलं की नवऱ्याला खुनाला चिथवणारी बाई एवढंच आपल्याला आठवतं. पण तिसऱ्या अंकातली मेजवानी जरा नीट बघा.

मारेकऱ्यांकडून बँकोचा काटा काढून मॅकबेथ पाहुण्यांत येतो, तर त्याच्याच जागेवर बँकोचं भूत! इतरांना दिसते ती रिकामी खुर्ची आणि तिच्याशी बोलणारा राजा. सरदार उठायला लागतात. ही मात्र शांतपणे सगळ्यांना बसवते. ह्यांना तरुणपणापासून असं होतं, आत्ता बरं वाटेल, लक्ष देऊ नका, जेवा... आणि नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच खडसावते, की पुरुष आहात ना? शेवटी काहीच जमेना, तेव्हा मानपानाचा क्रम सोडून पाहुण्यांना निरोप देते. गंमत म्हणजे बँकोला मारायचा बेत नवऱ्याने तिला धड सांगितलेलाही नसतो!

आता इतिहास. खरा मॅकबेथ १०४० मध्ये डंकनला मारून स्कॉटलंडचा राजा झाला, पण झोपेत नाही, लढाईत. पुढे १७ वर्षं त्याने राज्य केलं. बायकोचं नाव ग्रुओख. तिचा पहिला नवरा १०३२ मध्ये जाळून मारला गेला होता. लॉख लेव्हनच्या मठाला दिलेल्या जमिनीच्या नोंदीत राजाराणी दोघांचीही नावं आहेत. बँको मात्र बहुधा हेक्टर बोईसने १५२७ च्या इतिहासात घुसडलेला. शेक्सपिअरने जिथून कथा घेतली त्या हॉलिनशेडच्या बखरीत बँको जेवून परतताना मारला जातो. भूत नाही, आणि सावरून घेणारी बायकोही नाही. म्हणजे हा प्रसंग पूर्ण शेक्सपिअरचा. १६११ मध्ये सायमन फोरमनने ग्लोब थिएटरात हे नाटक पाहिलं, तेव्हा हे भूत त्याने आवर्जून टिपून ठेवलं.

मला खरा चटका लावतं ते पाहुणे गेल्यानंतरचं. ती एका शब्दाने जाब विचारत नाही. तुम्हाला झोपेची गरज आहे, एवढंच म्हणते. आणि पाचव्या अंकात झोपेत चालत हात चोळत फिरते ती तीच! नवऱ्याचं गुपित तिने भर पंगतीत झाकलं. तिचं गुपित वैद्य आणि दासी उभ्या उभ्या ऐकतात. नवरा वैद्याला 'बरं करा तिला' सांगून चिलखत चढवण्यात गुंतलेला.

तिला सांभाळून घ्यायला कोणीच नाही.