जलसंवर्धनातील आधारमाध्यम (दिल्ली परिसर)

मातीविना शेतीत (हायड्रोपोनिक्स) मुळांना आधार, ओलावा व हवा पुरवणारा पदार्थ. पोषण द्रावणातून मिळत असल्याने माध्यम शक्यतो निष्क्रिय असावे. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये दार्जिलिंग भागात सुरू केलेल्या ‘बंगाल पद्धती’त खडी व वाळू वापरली जाई. हे साहित्य स्वस्त, पण गच्चीवर जड.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा भागात निवड मुख्यतः हवामानावरून ठरते. उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत जातो आणि द्रावणही तापते. २०° से. पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३५° ला तो ७ वर येतो. मुळे गुदमरतात आणि पिथियम बुरशीचे फावते. म्हणून फार ओल धरणारे माध्यम एकटे वापरू नये. टोमॅटो, ढोबळी मिरचीसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) व परलाइट यांचे मिश्रण चांगले. कोकोपीट दक्षिणेतून येते. त्यात सोडियम व पोटॅशियम उरलेले असल्यास ते कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणाने धुवावे लागते; हे टाळणाऱ्याचा माल पुढे कॅल्शियमअभावी नासतो. येथील अनेक भागांतील भूजल आधीच खारट व कठीण, तेव्हा पाण्याची विद्युत्वाहकता माध्यम घेण्यापूर्वीच मोजावी.

नळीतून वाहणाऱ्या द्रावणाच्या पातळ थरावरील लेट्यूस, पालक यांना रोपापुरता स्पंज वा रॉकवूलचा ठोकळा पुरतो. रॉकवूल अल्कधर्मी असते, ते सामू ५·५ च्या पाण्यात भिजवतात. वापरानंतर ते कुजत नाही, ही त्याची मोठी अडचण. भाजलेल्या मातीच्या गोळ्या महाग, मात्र धुऊन वर्षानुवर्षे चालतात.